न शेकता वाजणारी हलगी

प्रभुलिंग मगदूम, म्हणजे आमचे आण्णा, यांना वाजवायला काहीही येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर हलगीवाल्या पोरांच्या ताफ्यातला माणूस म्हटलं की लोक लगेच कलाकार समजून पाया पडायला येतात. आण्णा कलाकार नव्हते. त्यांच्या हातात हलगी यायची ती फक्त शेकायला. पण ते काम त्यांनी अकरा वर्षं असं केलं, की कोल्हापुरात ‘काकवी’ बँडचं नाव निघालं की कुणीतरी म्हणायचंच, “आणि ते आण्णा हायेत की अजून?”

ज्यांनी हलगी नुसती मिरवणुकीत लांबून ऐकलीय त्यांच्यासाठी सांगतो. हलगीचं पान म्हणजे कातडं, लोखंडी कड्यावर ताणून बसवलेलं. हवेत जरा ओल आली की ते सैल पडतं आणि हलगी बदबद वाजायला लागते. मग उसाचं पाचट पेटवायचं, त्या जाळावर हलगी फिरवत राहायची, पान ताणून आलं की लगेच उचलायची. जाळ कमी पडला तर आवाज उठत नाही, जास्त झाला तर पान तडकतं. मधली नेमकी वेळ कुठल्या घड्याळात दिसत नाही, ती बोटांना कळावी लागते. आणि बोटांच्या बाबतीत आण्णांचा नाद करायचा नाही. बावड्याच्या साखर कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी पॅनवर, म्हणजे साखर शिजवायच्या भांड्यापाशी काढली. उकळणाऱ्या रसात दाणा धरला का नाही, हे ते अंगठा आणि बोटात थेंब चोळून सांगायचे. केमिस्ट लोकसुद्धा आधी आण्णांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग वहीत लिहायचे.

बायको बसव्वा गेली तेव्हा आण्णा बावन्न वर्षांचे होते. एकुलती लेक सौंदर्या लग्न होऊन धारवाडला. घरात बोलायला कुणी नाही म्हणून ते ड्यूटी सुटली की कसबा बावड्याच्या शेतांकडनं उगाच चालत सुटायचे. तसेच एकदा एका बंद गुऱ्हाळापाशी थांबले, कारण आत चार कॉलेजची पोरं धांगडधिंगा घालत होती. एक बेंजो, एक गिटार, एक ढोलासारखं घुमकं आणि एक हलगी. हलगीवाला पोरगा वर्तमानपत्राच्या जाळावर हलगी धरून बसला होता, आणि असा धरून बसला होता की दोन मिनिटांत पानाचा इस्कोट होणार हे आंधळ्यालाही कळलं असतं. आण्णांनी आत शिरून सरळ त्याच्या हातातनं हलगी काढून घेतली.

“आण हिकडं, खुळ्या. भाकरी भाजतोयस काय?”

तो पोरगा म्हणजे धैर्यशील. त्यानं हलगी दिली ती अकरा वर्षं दिली. पुढं पोरांचं नाव झालं, गाणी मोबाइलवर वाजायला लागली, गणपतीत त्यांच्या तारखा मिळेनात, पण एक रीत काही मोडली नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी धैर्यशीलचा फोन यायचा. “आण्णा, उद्या पाचला.” बस्स, एवढंच. आण्णा लगेच पाचटाची पेंढी बांधायचे, घमेलं पुसून ठेवायचे, पांढरा शर्ट इस्त्रीला टाकायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी बावड्यातच नव्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. तिथं शेजारीपाजारी सगळे नोकरदार, दारं सदा बंद. लिफ्टमध्ये एकमेकांच्या पायांकडे बघणारी माणसं. दर रविवारी सौंदर्याचा फोन यायचा. “अप्पा, ऊटा आय्ता?” जेवण झालं का, एवढं कानडीत विचारायची. आण्णा झालं म्हणायचे आणि मग दोघांनाही पुढं काय बोलावं ते सुचायचं नाही. म्हणजे खरं सांगायचं तर आण्णांच्या आयुष्यात त्यांची वाट बघणारी गोष्ट एकच उरली होती, आणि ती म्हणजे सैल पडलेली हलगी.

‘काकवी’चे चाहते म्हणजे तर देवच भले करो. त्यांचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप होता, नाव ‘काकवीचे येडे’, माणसं सहाशेच्या वर. ग्रुप चालवायची क्रांती नावाची बाई. कळंब्यात तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि आवाज असा, की ती दुकानात बोलली तर तळ्याच्या पलीकडच्या माणसानं ‘काय म्हणतायसा?’ म्हणून विचारावं. ही मंडळी गारगोटीपासून निपाणीपर्यंत पोरांच्या मागं फिरायची. कुठल्या गावाला गाणाऱ्या राजवीरनं कुठल्या ओळीवर श्वास घेतला, कुठं बेंजोची तार तुटली, सगळं त्यांना पाठ. आण्णाही त्या ग्रुपात होते, पण लिहायचे काही नाहीत. सकाळी उठून सगळं वाचायचे तेवढं.

गेल्या वर्षी पुण्याहून संयोगिता मॅडम आल्या. प्रोड्युसर. मोठं नाव, बोलणं मऊ, कानाला कायम हेडफोन. त्यांनी पोरांना सांगितलं, तुमचं गाणं चांगलं आहे पण तुम्ही ते ओरडून संपवताय. पोरांनाही तेच तेच वाजवून कंटाळा आला असावा. दोन महिने पोरं पुण्यात जाऊन बसली. त्या दोन महिन्यांत आण्णांना एकही फोन आला नाही. स्टुडिओत जाळ कसा करणार, असं त्यांनी स्वतःचं स्वतःलाच समजावलं, आणि समजावणं बरोबरही होतं. फक्त त्याच स्टुडिओच्या एसीत कातड्याचं पान तासातासाला सैल पडतं म्हणून मॅडमनी फायबरच्या पानाची हलगी करून घेतली, हे त्यांना कुणी कळवलं नाही. मुद्दाम लपवलं अशातला भाग नाही. कुणाला सुचलंच नाही.

सप्टेंबरात नवं गाणं आलं. ग्रुपवर जे काही पेटलं ते विचारू नका! पहिली दोन मिनिटं राजवीर कुणी झोपलेलं मूल उठू नये अशा बेतानं गात होता, मागं कसलातरी गार सूर, आणि हलगी आली ती शेजारच्या गल्लीत लग्न असल्यागत लांबून. क्रांतीनं पहिला दगड टाकला. “ही काकवी न्हवं, हे सलाइन हाय.” मग काय, सुरूच. “पुण्याचं पाणी लागलं पोरास्नी.” “आवो, आमचं म्हातारं तीन वर्षं झोपत न्हवतं, ह्या गाण्यावर झोपलं.” “मॅडमला म्हणावं, हलगी चालंना तर तबला घ्या आणि आमाला मोकळं करा.” चार-दोन जण म्हणाले की आपल्याला आवडलं बुवा. त्यांना इतकं धुतलं की त्यातला एक तर गावच सोडून गेला असं लोक म्हणायचे. गाव नव्हतं सोडलं, ग्रुप सोडला होता.

आण्णांनी ते गाणं गॅलरीत बसून ऐकलं. फोन कानाला लावून ऐकलं, मग टेबलावर ठेवून ऐकलं. सातआठ वेळा ऐकल्यावर त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे गाणं वाईट नव्हतं. दुसरी म्हणजे त्यातल्या हलगीला जाळ लागलेला नव्हता. आवाज स्वच्छ होता, पण शेकल्या पानाचा तो वरचा चटका त्यात नव्हता. पहिली गोष्ट ग्रुपात बोलायची सोय नव्हती. दुसरी कुणाला सांगायची त्यांची छाती झाली नाही.

डिसेंबरात कळंब्याच्या तळ्याजवळ एका लॉनवर नव्या गाण्यांचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. ग्रुपनं आधीच बेत केला, की नवीन गाणं सुरू झालं की सगळ्यांनी स्टेजकडं पाठ करून उभं राहायचं. क्रांतीनं वर आणखी लिहिलं, “आपले आण्णा आत असत्यात. आण्णा, तुमीबी आतनं काय तरी करा की!” त्याखाली पन्नास जणांनी अंगठे दाखवले. आण्णांनी ते वाचलं आणि फोन पालथा घालून ठेवला. ‘नाही’ म्हणायचं राहून गेलं, आणि ते राहून गेलं हे पुढं फार महाग पडलं.

कारण त्यांचं लक्ष भलतीकडंच होतं. कार्यक्रम शनिवारी, आणि शुक्रवारची संध्याकाळ झाली तरी धैर्यशीलचा फोन आला नव्हता. त्यांनी फोनचा आवाज तपासला. रेंज तपासली. खालच्या दुकानदाराला सांगून स्वतःच्याच फोनवर एक फोन करवला, तो वाजला. रात्री भाकरी खाताना त्यांना वाटलं, पोरं गडबडीत असतील, आपण काय परके आहोत की आमंत्रण पाहिजे? आणि शनिवारी दुपारी पेंढी, घमेलं घेऊन बसनं निघाले.

गेटवर एका निळ्या शर्टवाल्यानं अडवलं. “पास?”

“कसला पास? मी आण्णा.”

“कुठलं आण्णा, पावणं? पास दावा.”

शेवटी धैर्यशीलच बाहेर आला. त्यानं आण्णांना बघितलं, काखेतली पेंढी बघितली, आणि त्याचा चेहरा जरा कसनुसा झाला. “आलाय व्हय आण्णा. बरं झालं. बसा जरा, साउंड चेक हाय, आलोच.” मागच्या बाजूला एका खुर्चीत बसवून तो गेला तो परत आला नाही. आण्णा बसून राहिले. चार वाजले, पाच वाजले. माणसं वायरी ओढत त्यांच्या पायांवरनं जात होती. एकानं पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, “काका, तुम्ही केटरिंगचे का?”

सहाच्या सुमारास ऊन गेलं आणि तळ्यावरनं गारवा आला. ओल अंगाला लागत होती. समोरच्या टेबलावर हलगी पडली होती. आता अशा हवेत पान किती उतरलं असेल हे काय आण्णांना कुणी सांगायला पाहिजे? ते उठले. हलगी उचलली. मांडवाच्या मागं मोकळ्या जागेत घमेल्यात पाचट पेटवलं आणि बसले फिरवत, अकरा वर्षं बसायचे तसे.

पुढं काय झालं ते त्यांनी नंतर तीन-चार प्रकारे सांगितलं. कधी म्हणाले उजेड कमी होता, कधी म्हणाले मोतीबिंदू पिकलाय. रंग तर अगदी कातड्यासारखाच दिलेला होता, हे खरं होतं. काही असो, चर्र झालं, जळक्या प्लास्टिकचा घाण वास सुटला, आणि पान मधोमध आकसून त्याला मूठभर भोक पडलं. आण्णा तसेच हलगी धरून बसून राहिले. कुंपणाबाहेर ग्रुपातला एक जण मोबाइल धरून उभा होता. त्यानं सगळं टिपलं.

धैर्यशील धावत आला. हलगी बघितली, घमेलं बघितलं. जुनी हलगी त्यानं पार बावड्याच्या गुऱ्हाळात ठेवली होती. दुसरी आणायला वेळ नव्हता. संयोगिता मॅडमनी घड्याळ बघितलं आणि शांतपणे सांगितलं, “काही हरकत नाही. हलगी रेकॉर्ड केलेली आहे, कॉम्प्युटरवरून देऊ.”

आणि दिली. त्या दिवशी स्टेजवर हलगी वाजली, कडक वाजली, एक ठोका इकडचा तिकडं झाला नाही. फक्त धैर्यशील मोकळ्या हातांनी उभा होता. पहिल्या रांगेत त्याची आई नवं लुगडं नेसून बसली होती, तिला कळेना की लेक नुसता उभा आणि आवाज येतोय कुठनं. त्यात नवं गाणं सुरू झाल्याबरोबर तीनएकशे लोकांनी पाठ फिरवली. धैर्यशीलनं हात कुठं ठेवावेत म्हणून आधी मागं बांधले, मग पुढं घेतले, मग खिशात घातले. आण्णांनी मागून ते सगळं बघितलं. घमेलं तिथंच टाकून ते निघाले आणि बस असताना बावड्यापर्यंत चालत गेले.

इकडं व्हिडिओ सुटला. वर लिहिलेलं, “जाळ आन् धूर संगटंच! आण्णांनी फायबर फुकून टाकलं!” सकाळी आण्णांनी फोन उघडला तर सहाशे लोकांच्या ग्रुपात ते देव झाले होते. सोमवारी चौकात फ्लेक्स लागला. आण्णांचा पाचटाच्या जाळापुढचा फोटो, मागं वाघ, खाली “अस्सल आवाजाचा राखणदार” आणि पंधरा शुभेच्छुकांची तोंडं. कोल्हापुरात माणसाचा फ्लेक्स लागला की त्याला तो नाकारताही येतो, हे कुणाला माहीतच नाही.

आता आण्णांनी त्याच दिवशी सांगून टाकायला पाहिजे होतं, की बाबांनो, मी निषेध वगैरे काही केला नाही, माझ्या हातनं चूक झाली. नाही सांगितलं. का नाही सांगितलं? तर चहावाला पैसे घेईना म्हणून. लिफ्टमधला माणूस पायांकडे बघायचा तो तोंडाकडे बघून “आण्णा, नाद खुळा!” म्हणाला म्हणून. क्रांतीनं घरी बोलावलं, पाटावर बसवलं, दहाबारा जणांच्या पंगतीत मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा सगळ्यांना आणि आण्णांसाठी वेगळा चुलीवरचा अख्खा मसूर. “आमचं आण्णा शाकारी हायेत, तेंच्या ताटाला कुणी हात लावायचा न्हाई!” असं ती ओरडली, आणि आण्णांना एकदम भरून आलं. बारा वर्षांत त्यांच्या ताटात काय आहे याची कुणी काळजी केली नव्हती. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. मला त्यांचा राग येतो, पण भुकेल्या माणसाला ताटावरनं उठ म्हणायला माझीही जीभ रेटली नसती.

पाच दिवस हे चाललं. सहाव्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी धैर्यशीलचा फोटो टाकला. खिशात हात घातलेला. खाली लिहिलेलं, “हलगीवाला का हमाल?” त्याखाली हसण्याचा पूर. आण्णांनी फोटो मोठा करून बघितला. त्याचे डोळे लाल होते. आण्णांना त्या रात्री भाकरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर लिहिलं. एकेक अक्षर दाबत अर्धा तास लागला. “मी मुद्दाम केले नाही. हलगी माझ्या हातून चुकून जळाली. नवीन गाणे चांगले आहे. धैर्यशीलला नावे ठेवू नका.”

मेसेज सगळ्यांनी वाचला. मग एक जण म्हणाला, “आण्णा, दम दिला काय तुमास्नी त्यांनी?” दुसरा म्हणाला, “विकलं गेलं म्हातारं.” क्रांतीचा फोन आला. ती ओरडली नाही, हेच वाईट होतं. “आण्णा, आमी तुमचा फ्लेक्स लावला वो,” एवढंच म्हणाली. संध्याकाळी त्यांना ग्रुपातनं काढलं होतं. फ्लेक्स कधी उतरला ते त्यांना कळलंच नाही, कारण त्या चौकातनं जायचं त्यांनी बंद केलं.

रविवारी सौंदर्याचा फोन आला. ऊटा आय्ता? आय्तु. मग ते म्हणाले, “माझ्या हातनं एकाचं नुकसान झालंय बघ.” ती घाबरून म्हणाली, “किती रुपयांचं, अप्पा?” आण्णा म्हणाले, “रुपयांचं न्हाई,” आणि विषय बदलला.

त्याच दिवशी ते धैर्यशीलच्या घरी गेले. कळंब्यात दोन खोल्यांचं घर, पुढं म्हैस बांधलेली. धैर्यशील दिवसा दूध डेअरीत नोकरीला होता, रविवार म्हणून घरी होता. आईनं दारातनंच तोंड फिरवलं आणि आत गेली. धैर्यशीलनं कट्ट्यावर पोतं टाकलं. आण्णा बसले.

“चुकून झालं रे,” आण्णा म्हणाले. “डोळ्याला दिसंना मला. मोतीबिंदू...”

“आण्णा.” धैर्यशीलनं मधेच तोडलं. “अकरा वर्षांत तुमच्या हातनं एकबी पान करपलं न्हाई. गारगोटीला भर पावसात छत्रीखाली शेकलीसा, तवाबी न्हाई. आन् तुमी डोळ्यांनी कवा शेकत हुता? बोटांनी शेकत हुता तुमी. बोटांस्नीबी मोतीबिंदू झालता काय?”

म्हैस रवंथ करत होती. आतनं भांड्यांचा आवाज येत होता, जरा जास्तच जोरात.

“सांगा की. कळलं न्हवतं तुमास्नी?”

“कळलं हुतं,” आण्णा म्हणाले.

धैर्यशीलनं मान वर केली.

“हातात घेतली तवाच कळलं. हलकी लागली. अंगठा फिरवला, तर कातडं न्हवं. आरं, गाण्यातच कळलं हुतं मला सप्टेंबरात. तरी शेकली. त्या क्रांतीचं ऐकून न्हाई, शप्पथ घिऊन सांगतो. तुझं वाटोळं करायचं असं मनातबी न्हवतं. मला वाटलं... काय वाटलं ते नीट सांगता येत न्हाई बघ. न शेकता वाजणारी हलगी असंल तर मग मी कशाला पायजे? म्हणून फिरवत बसलो. थोडी फिरवू, मग ठेवू म्हटलं. कुणी तरी बघंल, म्हणंल, आण्णा बसल्यात शेकत. जरा जास्त येळ बसलो.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. धैर्यशीलनं पोत्याचा एक धागा ओढून तोडला. त्याला राग आलेला दिसत होता, आणि रागापेक्षा वाईट असं काहीतरी.

“आण्णा, एक सांगू? रागाला येऊ नका. हलगी शेकायला काय लागतंय वो? पयल्या वर्षातच शिकलो मी. कुठल्याबी गावात जावा, धा-धा वर्षांची पोरं शेकत्यात. तुमी पयल्यांदा आलासा तवा राजवीर म्हणाला, ह्या माणसाची बायको गेलीय, एकटाच फिरतोय शेतातनं, येऊ दे. म्हणून तुमच्या हातात देत हुतो.”

“अकरा वर्षं?”

“मग काय निम्म्यात काडून घ्यायची?”

आण्णांनी मान हलवली. हलवली म्हणजे होय म्हटलं का नाही म्हटलं, ते त्यांनाही ठाऊक नसावं. कारखान्यात त्यांच्या बोटांवर लाखो पोती साखर निघाली होती, पण तिथं कुणी त्यांच्यावर दया केली नव्हती, आणि इथं अकरा वर्षं चाललेली दया त्यांच्या बोटांना ओळखता आली नव्हती. आईनं आतनं चहा आणून आदळला. आण्णांनी तो पूर्ण प्यायला, कप धुऊन ठेवायला उठले, तर धैर्यशील म्हणाला, “ऱ्हाऊ द्या.”

“म्होरला कार्यक्रम कुठं हाय?”

“गारगोटीला. येत्या शनिवारी. पर आण्णा...” तो अडखळला. “नवीन हलगी आलीय. तसलीच. तितं आता काम असं न्हाई काय.”

“काम न्हाई तर न्हाई,” आण्णा म्हणाले.

शनिवारी ते एसटीनं गारगोटीला गेले. हातात काही नव्हतं, आणि मोकळ्या हातांनी बसमध्ये कसं बसायचं हेच त्यांना जमेना. खिडकीवर तिकीट काढलं. बाजारापलीकडच्या मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या, त्यात मधल्या रांगेत जाऊन बसले. रुसलेल्या ग्रुपातलं, बावड्या-कळंब्याचं कुणी इथं फिरकलं नव्हतं. सगळी आसपासच्या खेड्यांतली माणसं, बायकापोरांसकट आलेली, आणि पाठ वगैरे कुणी फिरवणार नव्हतं.

अकरा वर्षांत ‘काकवी’चा एकही कार्यक्रम आण्णांनी समोरून बघितला नव्हता. ते कायम मांडवाच्या मागं, जाळापाशी. समोरून चौघं पोरं केवढी मोठी दिसत होती! राजवीर डोळे मिटून गातो हे त्यांना माहीत नव्हतं. नवं गाणं सुरू झालं, हळू, गार, दोन मिनिटं नुसतं तसंच. मग धैर्यशील एक पाऊल पुढं आला आणि हलगी घुमली, आणि मैदानातल्या सगळ्या माणसांच्या माना एकदम वर झाल्या. वाजवताना धैर्यशील हसत होता. तो वाजवताना हसतो, हेही आण्णांना आजच कळलं. त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं. क्रांतीला, सौंदर्याला, कुणालाही.

शेजारच्या खुर्चीत मडिलग्याकडचा कुणी शेतकरी गडी बसला होता. त्यानं आण्णांचे डोळे पुसणं बघितलं आणि कोपरानं ढोसून मोठ्या आपुलकीनं विचारलं, “भारी वाजिवत्यात न्हाई, पावणं? पयल्यांदाच आलाय जनू?”

आण्णा म्हणाले, “व्हय. पयल्यांदाच.”